सखूसाठी पाहिलेला थरारपट

श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ मी पाहिला तो छाया कदमसाठी. तब्बू मला आवडते, आयुष्मान खुराना गुणी नट आहे आणि खुनाच्या गोष्टींचं वेड तर मला शाळेपासूनचं. तरीही २०१८ मध्ये हा सिनेमा आला तेव्हा मनात एवढंच होतं की ‘सैराट’मधली सुमनअक्का यात आहे. परक्या शहरात पळून आलेल्या आर्ची-परश्याला टोळभैरवांच्या तावडीतून सोडवणारी, कसलाही गाजावाजा न करता त्यांना आसरा देणारी ती बाई दोन वर्षं माझ्या डोक्यातून गेली नव्हती. त्याआधी ‘फँड्री’त ती जब्याची आई होती. दोन्ही वेळा तिच्या वाट्याला पडद्यावरचा वेळ थोडाच आला होता आणि दोन्ही वेळा वाटून गेलं होतं, कॅमेऱ्याने अजून जरा तिच्यापाशी थांबायला हवं होतं.

‘अंधाधुन’मध्ये ती सखू आहे, लॉटरीची तिकिटं विकणारी. गोष्ट पुण्यात घडते. आकाश नावाचा पियानोवादक आंधळ्याचं सोंग घेऊन राहतो. एका घरात पियानो वाजवायला जातो, तिथे प्रेत बघतो, खून करणारी माणसं बघतो आणि काहीच दिसलं नाही असं दाखवत वाजवत राहतो. उत्तरार्धात त्याची दृष्टी खरोखरच जाते आणि तो शुद्धीवर येतो तो माणसांचे अवयव चोरून विकणाऱ्या एका डॉक्टरच्या अड्ड्यावर. तिथे सखू आहे, रिक्षावाला मुरली आहे. या माणसाचं मूत्रपिंड काढून पैसे करायचे एवढाच त्यांचा बेत असतो. पण याच्याजवळ त्याहून मोठ्या पैशांची बातमी आहे हे कळताच बेत बदलतो आणि पुढे हीच माणसं आकाशलाही दगा देतात. सिनेमाचा अर्धा उत्तरार्ध या दोघांच्या हावेवर चालतो. हावेचाही एक हिशोबीपणा असतो, तो छाया कदमच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसतो. डोळे बारीक करून समोरच्याची किंमत करणारी ही बाई एकाही क्षणी बिचारी वाटत नाही.

आमच्या घरच्या ग्रुपवर मी हे कौतुकाने लिहिलं आणि नेहमीचा वाद पेटला. माझा आतेभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, त्याने लिहिलं, “लॉटरीवाली, मोलकरीण, हवालदार, पाकीटमार. हिंदीवाल्यांना मराठी माणूस एवढ्याच कामांसाठी दिसतो. आणि तू तिकडे बसून त्याचं कौतुक करतेस.” त्यावर दोघा-तिघांनी अंगठे उंचावले, एकीने हात जोडले. दादा नाटकवेडा माणूस आहे, प्रयोगाला पहिल्या रांगेत बसणारा, त्यामुळे त्याचं म्हणणं मी वाऱ्यावर सोडत नाही.

या रागाला इतिहास आहे आणि तो खरा आहे. लक्ष्मीकांत बेर्डे मराठीत ज्या काळात नायक होते, ज्यांच्या नावावर थिएटरं भरत होती, त्याच काळात हिंदीत ते नोकर झाले. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधला लल्लू आठवा. ज्या माणसाच्या टायमिंगवर आम्ही घरची सगळी पोरं जीव टाकायचो तो तिथे ट्रे घेऊन उभा होता. अशोक सराफ ‘करण अर्जुन’मध्ये मुनशी झाले. त्या भूमिका त्यांनी वाईट केल्या असं नाही, लल्लू तर लोकांना मनापासून आवडला. पण आपल्या घरात ज्याला मान आहे त्याला शेजारच्या घरात पाणी आणून द्यायला लावलं तर जे वाटेल ते तेव्हा वाटलं होतं आणि आमच्या पिढीच्या मनात ते तसंच राहिलं. पडद्यांचा वादही त्याला येऊन मिळाला. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी सिनेमा दाखवणं बंधनकारक करायचं ठरवलं, त्यावर गदारोळ झाला आणि शेवटी ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी ताणून प्रकरण मिटलं. म्हणजे स्वतःच्या राज्यात वेळ मागून घ्यायची आणि हिंदीत गेल्यावर ट्रे धरायचा. दादाच्या पिढीला आणि त्याच्या स्वभावाच्या माणसाला हे बोचणारच.

तरीही मी त्याच्याशी सहमत नाही आणि त्याचं कारण मी बराच काळ जिथे राहते आहे त्या देशात आहे.

ब्रिटनमध्ये हाच वाद आमच्यासारख्या दिसणाऱ्या माणसांचा आहे. तो इथे आम्ही येण्याच्या कितीतरी आधीपासून चालला आहे. १९७४ मध्ये बीबीसीवर ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ नावाची विनोदी मालिका सुरू झाली. तिचं कथानक सुरू होतं आपल्या देवळालीच्या लष्करी तळावर, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या दिवसांत. त्यात रंगी राम नावाचा एक भारतीय बेअरर होता, साहेबाच्या पुढेपुढे करणारा. ती भूमिका मायकल बेट्स या गोऱ्या नटाने तोंडाला रंग फासून केली. बेट्सचा जन्म झाशीचा, त्याला भाषा येत होती, हे सगळं खरं. पण विचार करा, नोकरांतली ही मोठी भूमिका रंगवायलासुद्धा इथे तेव्हा काळ्या-सावळ्या कातडीचा माणूस घेतला गेला नाही. नोकराची भूमिका करावी लागणं हा अपमान, ही तक्रार करायला आधी ती भूमिका मिळावी लागते.

नंतर भूमिका मिळू लागल्या आणि मग त्या कसल्या मिळतात यावर बोलणं सुरू झालं. कोपऱ्यावरचा दुकानदार, टॅक्सीवाला, जबरदस्तीने लग्न लावणारा बाप आणि २००१ नंतर अतिरेकी. रिझ अहमद या ब्रिटिश नटाने २०१६ मध्ये एका निबंधात याची फार नेमकी मांडणी केली. त्याच्या म्हणण्यानुसार आमच्यासारख्यांच्या भूमिकांचे तीन टप्पे असतात. पहिल्यात कागदावर कापलेली ठरीव माणसं. दुसऱ्यात माणूस त्याच ठरलेल्या जागी उभा, पण तिथे उभा राहून तो ठशालाच धक्का देतो. तिसऱ्यात त्याचा वंश कथेचं कारण उरत नाही, तो नुसता माणूस असतो. तो निबंध वाचल्यापासून घरचा वाद मला वेगळा ऐकू येतो. दादाला पहिला टप्पा दिसतो आणि त्याला थेट तिसरा हवा असतो. मधला टप्पा त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. आणि माझ्या मते आपल्या नटांचं गेल्या काही दशकांतलं सर्वांत मोठं काम या मधल्या टप्प्यात झालं आहे, तेही बहुतेक थरारपटांत.

थरारपटातच का, याचाही विचार करावा लागतो. नायक मोठा असला की तो मरणार नाही हे प्रेक्षकाला तिकीट काढतानाच ठाऊक असतं. त्याच्यावर पिस्तूल रोखलं तरी आपण निवांत असतो. भीती वाटते ती बाकीच्यांसाठी, ज्यांचं काहीही होऊ शकतं. आणि संशयही त्यांच्यावरच फिरवता येतो. इथल्या टीव्हीवरच्या गुन्हेकथा बघणारे लोक पात्रयादी वाचून खुनी ओळखतात : एवढा नावाजलेला नट एवढ्या छोट्या भूमिकेत घेतला आहे म्हणजे शेवटी हाच निघणार. त्यामुळे गोष्ट लपवायची तर ती ज्याच्याकडे कुणी बघत नाही अशा चेहऱ्यामागे लपवावी लागते. ‘अंधाधुन’चा सगळा डोलारा या एका गोष्टीवर आहे. आंधळ्यासमोर लोक निर्धास्त वागतात, प्रेत उचलतात, रक्त पुसतात, खुणा करतात. पण आपण डोळे असलेली माणसं लॉटरीवालीसमोर, रिक्षावाल्यासमोर, घरात काम करणाऱ्या बाईसमोर याहून वेगळं कुठे वागतो? फोनवर पैशांचं बोलतो, घरातली भांडणं काढतो, जणू ते ऐकायला तिथे कुणी नाहीच. सखू त्या न दिसण्यातून उठते आणि गोष्टीचा ताबा घेते. दिग्दर्शकाने ती जागा भरायला ओळखीचा ठसा वापरला आणि तो ठसा आपल्यावरच उलटवला. मला त्यात मराठी बाईचा अपमान दिसत नाही. अपमान झालाच असेल तर तिला लॉटरीवाली म्हणून नजरेआड करणाऱ्या आकाशचा आणि आपला झाला.

याच सिनेमात अश्विनी काळसेकर आहे, खुनात सामील असलेल्या इन्स्पेक्टरची बायको. राघवन यांनी तिला ‘जॉनी गद्दार’पासून ‘मेरी ख्रिसमस’पर्यंत पुन्हापुन्हा घेतलं आहे आणि ती प्रत्येक वेळी येऊन गोष्टीचं वजन इकडचं तिकडे करून जाते. एखाद्या दिग्दर्शकाचा असा विश्वास मिळवणं ही छोटी गोष्ट नाही. तिच्याबद्दल आपल्याकडे इतकं कमी लिहिलं जातं याचं मला वाईट वाटतं.

आता हवालदार आणि इन्स्पेक्टर. दादाच्या यादीत हे वरच्या क्रमांकावर असतात, म्हणून त्यांच्यापाशी जरा थांबते. ‘अर्धसत्य’ १९८३ चा. गोविंद निहलानींनी तो श्री. दा. पानवलकरांच्या मराठी कथेवर केला, पटकथा विजय तेंडुलकरांची, कविता दिलीप चित्र्यांची. त्यातला रामा शेट्टी सदाशिव अमरापूरकरांनी केला. मोजक्या प्रसंगांत तो येतो. ओरडत नाही, धावत नाही, बहुतेक वेळ बसलेला असतो आणि त्याच्या बसण्यानेच ओम पुरीच्या वेलणकरचा तोल जातो. फिल्मफेअरने त्या कामाला सहायक अभिनेत्याचं पारितोषिक दिलं. या सिनेमात नायक मराठी पोलिस आहे आणि ती भूमिका पंजाबी नटाने केली. त्याला आव्हान देणारा गुंड शेट्टी आहे आणि तो आपल्या नगरच्या माणसाने केला. कोण कुठला याचा हिशोब मांडायला बसलं तर या सिनेमाला हातच लावता येणार नाही.

‘अग्ली’मध्ये गिरीश कुलकर्णींचा इन्स्पेक्टर जाधव आहे. लहान मुलगी हरवली आहे, बाप आणि त्याचा मित्र घाबरेघुबरे होऊन चौकीत आले आहेत आणि जाधव त्यांची नावं, सिनेमातली नावं, फोन आला की पडद्यावर फोटो कसा दिसतो, असल्या भलत्याच गोष्टी सावकाश विचारत बसतो. तो प्रसंग संपतच नाही. मी तो बघताना हाताची नखं खाल्ली होती. सत्ता हातात असलेला माणूस दुसऱ्याचा वेळ कसा चघळतो हे इतक्या भीतिदायक रीतीने मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. आणि ‘सेक्रेड गेम्स’मधला जितेंद्र जोशीचा काटेकर! हवालदारच तो. पण त्याला घर आहे, बायको आहे, विनोद आहे, साहेबाबद्दल माया आहे आणि स्वतःची नैतिक पडझडही आहे. तो गेला तेव्हा माझी इथली सहकारी, जिला मराठी म्हणजे काय हेही नीट माहीत नाही, दुसऱ्या दिवशी मला म्हणाली की त्या हवालदाराच्या बायकोचं आता कसं होईल याच विचारात तिला झोप आली नाही. त्याच्या साहेबाबद्दल, म्हणजे नायकाबद्दल, सैफ अली खानच्या सरताजबद्दल ती काही बोलली नाही.

घरून हे दिसत नाही याचं एक कारण मला असं वाटतं की तिथे प्रत्येक भूमिका आपल्या समाजाची पायरी ठरवणारी वाटते. कामवाली बाई म्हणजे खाली, डॉक्टर म्हणजे वर. परदेशात राहिल्यावर पायरीचा प्रश्न आपोआप थोडा सैल पडतो, कारण इथे येऊन शिकलेसवरलेले लोकही आधी काय काय कामं करतात हे आपण जवळून बघतो. दादा म्हणतो, “तुला तिथे बोचत नाही म्हणून तू उदार होतेस.” यात तथ्य आहे. मराठी बोलणाऱ्या पात्राच्या हिंदीला मुंबईच्या थिएटरात लोक हसतात तेव्हा मी तिथे बसलेली नसते. पण इथे आशियाई दुकानदाराच्या इंग्रजीला लोक हसले आहेत तेव्हा मी बसलेली होते. त्यामुळे बोच मला माहीत आहे. मी फक्त म्हणते की दुकानदार दाखवला म्हणून बोचत नाही. त्याला पूर्ण प्रसंगात एकही गोष्ट स्वतःच्या मनाने करू दिली नाही, म्हणून बोचतं. पात्र काय काम करतं यापेक्षा ते काय ठरवतं हे मी बघते. लल्लूला फारसं काही ठरवता येत नाही. सखू क्षणाक्षणाला ठरवते. माझ्या लेखी त्या दोघांत फरक इथे पडतो.

इथला वाद फक्त राग व्यक्त करून थांबला नाही, हे मात्र घरच्यांनी लक्षात घ्यावं असं मला कळकळीने वाटतं. २०१६ पासून बीबीसी, आयटीव्ही, चॅनल ४ आणि इतर मोठ्या वाहिन्या ‘डायमंड’ नावाच्या एका सामाईक पद्धतीने पडद्यावर आणि पडद्यामागे कोण काम करतं याची नोंद ठेवतात. नोंद आली की भांडणाला आकडे मिळतात. बाफ्टाने, म्हणजे इथले सिनेमा-टीव्हीचे मानाचे पुरस्कार देणाऱ्या संस्थेने, २०२० मध्ये पात्रनिवडीसाठी, म्हणजे कास्टिंगसाठी, स्वतंत्र पारितोषिक सुरू केलं. आणि त्याच वर्षी अभिनयाच्या चारही गटांतली सगळीच्या सगळी २० नामांकनं गोऱ्या कलाकारांना मिळाली! एवढी ओरड झाली की बाफ्टाला निवडीचे नियम तपासून बदलावे लागले. तेव्हा इथे सगळं आलबेल आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण याच बाफ्टाने १९८३ मध्ये सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक ‘गांधी’मधल्या कस्तुरबांसाठी रोहिणी हट्टंगडींना दिलं होतं, मॉरीन स्टेपलटनबरोबर विभागून. आणि आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सहायक कलाकारांचे गट सुरू झाले ते १९८४ च्या चित्रपटांपासून. अभिनेत्रींत पहिला मान पुन्हा रोहिणीताईंचाच, महेश एलकुंचवारांच्या नाटकावरच्या ‘पार्टी’साठी. दुसऱ्या रांगेतल्या कामाचं मोल करायला आपल्याकडे इतका वेळ लागला आणि ते करायला घेतल्यावर पहिली आली ती मराठी रंगभूमीशी नातं असलेली बाई. हे मी दादाला कळवलं तेव्हा तो खूश झाला, पण म्हणाला, “मग तिला नायिका कुणी केलं?”

हा प्रश्न मला त्याच्यावर उलटवावासा वाटतो, कारण सगळं बोट हिंदीकडे दाखवून आपण सुटतो. छाया कदम मराठीत काय करते? जब्याची आई, सुमनअक्का, ‘न्यूड’मध्ये नायिकेला कामावर नेणारी चंद्राक्का. उत्तम भूमिका, पण कथा दुसऱ्या कुणाचीतरी. आपल्याच माणसांनी तिला कथेच्या मधोमध उभं केलं असतं तर हिंदीला दोष देताना आपला आवाज जरा खणखणीत निघाला असता. २०२४ मध्ये पायल कपाडियाचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ फ्रान्समधल्या कान महोत्सवाला गेला, तीस वर्षांनी भारतीय सिनेमा तिथल्या मुख्य स्पर्धेत आला आणि ग्रां प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक, घेऊन परतला. त्यात छाया कदम पार्वती आहे, रुग्णालयात स्वयंपाक करणारी, नवऱ्यामागे घराचे कागद हाती नसल्यामुळे बिल्डरपुढे हतबल झालेली आणि शेवटी रत्नागिरीकडच्या आपल्या गावी निघून जाणारी. पुन्हा कामवाली बाईच, दादाच्या भाषेत. पण मुंबई सोडायची हे ती स्वतः ठरवते, सामान बांधते, आणि उरलेल्या दोघी तिच्या मागोमाग जातात. घरी बातमी झाली ती कानला तिने आईची साडी नेसली आणि नथ घातली याची. मलाही ते फोटो बघून भरून आलं. पण पार्वती तिने कशी उभी केली, यावर चार ओळी वाचायला मला परक्या भाषेतली वर्तमानपत्रं उघडावी लागली.

इथल्या टीव्हीवर बघून माझी एक इच्छा तयार झाली आहे आणि ती मी कुणीही मराठी निर्माता भेटला की बोलून दाखवते. सारा लँकेशर नावाची एक अभिनेत्री आहे. नव्वदच्या दशकात ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकेत ती पबमध्ये दारू देणारी रॅकेल होती. भोळी, फसणारी, लोकांना लाडकी. तीच अभिनेत्री २०१४ मध्ये ‘हॅपी व्हॅली’ या थरारमालिकेत सार्जंट कॅथरीन कॅवुड झाली. मुलगी गमावलेली, नातवाला वाढवणारी, गुडघे दुखत असले तरी गुन्हेगाराच्या मागे धावणारी मध्यमवयीन पोलिस. तीन पर्वं देशाने श्वास रोखून पाहिली. ब्रेंडा ब्लेथिन पासष्टीच्या वयात ‘व्हेरा’ची डिटेक्टिव्ह झाली आणि २०२५ च्या सुरुवातीपर्यंत, चौदा पर्वं, तो चुरगळलेला कोट घालून उत्तर इंग्लंडभर खून उलगडत फिरली. संजीव भास्कर, ज्याला इथे लोकांनी आधी विनोदी नट म्हणून ओळखलं, तो २०१५ पासून ‘अनफर्गॉटन’मध्ये सनी खान आहे. शांत, थकलेला, घरच्या अडचणींनी गांजलेला तपास अधिकारी. तो आशियाई आहे हे त्या कथेला सांगावंच लागत नाही. रिझ अहमदचा तिसरा टप्पा म्हणतात तो हाच. पण या तिघांनाही ती जागा एका रात्रीत मिळाली नाही. रॅकेलला आपलंसं केलेल्या लोकांनीच कॅथरीनला आपलंसं केलं. दुसऱ्या रांगेतल्या कामावर आधी प्रेम जडलं, मग पहिली रांग मोकळी झाली.

तसा सिनेमा मला मराठीत हवा आहे. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या ठाण्यात नेमलेली पन्नाशीची पोलिस, छाया कदम. तिच्यावर पाळत ठेवणारी अश्विनी काळसेकर. गुन्हेगार कोण हे शेवटपर्यंत कळू नये. नाचगाणं नको, तरुण नायकाचं उपकथानक नको.

दादाने हे वाचून विचारलं, “पैसे कोण लावणार?” प्रश्न रास्त आहे, चेष्टेने विचारलेला नाही, आणि मी त्याचं उत्तर शोधून ठेवलं आहे. ‘अंधाधुन’ २०१९ मध्ये चीनमध्ये लागला. तिथल्या प्रेक्षकाला आयुष्मानचं नाव पाठ असण्याचं काही कारण नव्हतं, तरी त्याने भारतातल्यापेक्षा कितीतरी मोठा गल्ला तिथे जमवला. लोक गोष्टीसाठी आले. ‘दृश्यम’चं तर त्याहून पुढचं. २०१३ मध्ये जीतू जोसेफने तो मल्याळममध्ये केला आणि मग तो कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी करत २०१९ मध्ये चिनीपर्यंत गेला. दर ठिकाणी नायक बदलला, भाषा बदलली, देवदेऊळ बदललं. पण एका माणसाला कुणी काढू शकलं नाही : नायकाच्या कुटुंबावर हात उगारणारा खालच्या हुद्द्याचा पोलिस. एक प्रेत लपवणाऱ्या बापाच्या बाजूने आपण उभं राहावं, यासाठी कुणीतरी इतकं खुपावं लागतं की खुनाचं ओझं हलकं वाटावं. मल्याळममध्ये ते काम कलाभवन शाजॉनने केलं, ज्याला लोक तोवर विनोदासाठी ओळखत होते. तमिळमध्ये कलाभवन मणीने. निशिकांत कामत यांनी हिंदी ‘दृश्यम’ केला तेव्हा त्यांनी या पोलिसासाठी, म्हणजे गायतोंडेसाठी, कमलेश सावंतला घेतलं, आणि सात वर्षांनी दुसरा भाग आला तेव्हा दिग्दर्शक दुसरा होता, पण गायतोंडे तोच ठेवावा लागला.